सात कागदांचा माणूस

आमच्या काजूच्या खोलीत दीतरबाब नऊ वर्षं राहिले. पेडण्याच्या हायस्कुलात मी तीस वर्षं मराठी शिकवलं, पण त्या सगळ्या वर्गांनी मिळून मला जेवढं चिडीला आणलं नसेल, तेवढं या एका माणसाने आणलं. ते इथून निघून गेले त्याला दीड वर्ष झालं. कोरगावात त्यांचं नाव आता कोणी काढत नाही. तसं कोणी ठरवलेलं नाही, पण ठरल्यासारखंच आहे. पोदेरसुद्धा, जो रोज सकाळी सायकलीचा भोंपू वाजवत त्यांच्याशी दहा मिनिटं भांडायचा, तो आता मला पाव देऊन खाली मान घालून निघून जातो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. त्यात माझ्याही वाटणीचं थोडं आहे, ते लिहिल्याशिवाय मला सुटका नाही.

ते जर्मन होते. चित्रकार, पण रंगांचे नव्हेत. लाकडावर चित्र कोरून ते कागदावर छापायचं, हा त्यांचा धंदा. आधी हरमलला किनाऱ्याजवळ राहायचे. तिथल्या गाण्याबजावण्याला कंटाळून एक दिवस स्कूटर काढली, समुद्राकडे पाठ केली आणि पेट्रोल संपेपर्यंत जायचं ठरवलं. ते आमच्या कुंपणापाशी संपलं. माझे यजमान जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, मुलगी पुण्याला, घर मला खायला उठायचं. भाडेकरू हवाच होता. मी त्यांना पुढची खोली दाखवली. टाइल्स, पंखा, बाथरूम, सगळं होतं. त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकलं नाही. वाकून, दोन्ही हात पाठीमागे धरून ते घराला वळसा घालून मागे गेले आणि काजूबिया साठवायच्या खोलीत शिरले. तिला उत्तरेकडे एक उंच खिडकी आहे.

"टीचर, ही दी. हांगा उजवाड बरो," ते म्हणाले.

उजेडासाठी पंखा सोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी हसून हो म्हटलं. काजूच्या तेलाने काळी पडलेली ती जमीन त्यांनी स्वतः चार दिवस घासली.

त्यांची भाषा ही एक गंमतच होती. कोकणी ते हरमलच्या मासेवाल्या बायकांकडून शिकले होते, त्यामुळे तिच्याबरोबर शिव्याही आल्या होत्या, आणि त्या शिव्या आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या भटजींना त्यांनी पहिल्याच भेटीत हात जोडून, अत्यंत नम्रपणे जे म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही. पोशाख बाराही महिने एकच, निळा जाड डगला, त्याला सहा खिसे. एका खिशात पटाश्या, एकात धार लावायचा तेलाचा दगड, एकात अर्धी पोय, इथला कोंड्याचा पाव. पोय त्यांना करपलेलीच लागायची. पोदेर म्हणायचा, "करपलेली मी गोरवांक घालतां, तुमका कशी दिवं?" आणि हे म्हणायचे, "म्हाका गोरूं समज." रोजचं हेच भांडण, रोज त्याच शब्दांत. सत्तरीचा माणूस, उंच, खांद्यात वाकलेला, मोठाले कान. बोलणं कमी. कोणी फार आग्रह करून वाढायला लागलं की पानावर आडवा हात धरून "पुरो" म्हणायचे, आणि त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी त्यांच्या पानात शीत पडायचं नाही.

फळ्या ते आमच्याच गावच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, आणायचे, फणसाच्या. सुरुवातीला फणसाच्या लाकडाला त्यांनी बरीच नावं ठेवली. रेषा वाकडी जाते, मध्येच गाठ लागते. मग हळूहळू ते त्यालाच भुलले. काम कसं चालायचं ते मी खिडकीतून कित्येकदा पाहिलं आहे. फळीवर चित्र रेखाटायचं, मग जिथे कागद पांढरा राहायला हवा तेवढं लाकूड कोरून काढायचं. उरलेल्या उंच भागावर काळी शाई फिरवायची, वर पातळ कागद पसरायचा आणि घासायचा. घासायला त्यांच्याकडे त्यांच्या देशातला गुळगुळीत चमचा होता, तो त्यांनी टाकून दिला आणि आमच्या न्हाणीशेजारच्या ढिगातली एक करवंटी उचलली. तिची पाठ झिजून आरशासारखी झाली होती. एका कागदाला तास दीड तास लागायचा.

आणि कागद सात. कुठल्याही फळीचे सातच. सातवा वाळत टाकला की ते फळी मांडीवर घेत, सगळ्यात रुंद पटाशी काढत आणि चित्रावरून वरपासून खालपर्यंत एक घाव ओढत. फळी मेली. आता तिच्यावरून आणखी कोणाला काही छापता येणार नाही, छापलं तर मधोमध पांढरा चरा येईल. छापणाऱ्या चित्रकारांची ही जुनी रीत आहे म्हणे. ज्यांनी सात कागद घेतले त्यांना दिलेला शब्द.

हे मला कळलं ते माझ्याच हातांमुळे. एका एप्रिलात मी मागच्या पडवीत बसून काजू फोडत होते आणि त्यांनी माझे हात कोरले. नुसते हात, विळा आणि बी. मला वाटलं होतं, काय ते म्हातारीचे हात! कागद पाहिला. माझ्या आईचे हात होते ते. ज्याचं चित्र त्याला सातांतला एक कागद ते देत, तसा मला दिला. मुलीला फोनवर सांगितलं तर तिलाही हवा झाला. मी मागायला गेले तेव्हा ते फळी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्यादेखत त्यांनी माझ्या हातांवरून, मनगटापासून बोटांपर्यंत, पटाशी ओढली.

मी ओरडले. "अहो, हात आहेत ते माझे! फळी बाजूला ठेवून द्यायची होती नुसती!"

"टीचर, हात तुमगेले तुमच्याकडेन आसात," ते शांतपणे म्हणाले. "हें लाकूड."

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तो घाव मला खरोखरच लागला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. चौथ्या दिवशी ते स्वतः पडवीत आले, खाली बसले आणि आयुष्यात एकदाच, मला काहीतरी लांबलचक सांगितलं. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत तरुणपणी ते सरकारी छापखान्यात होते. तिथे त्यांनी आपल्या एका मित्राचा चेहरा कोरला, गवंडीकाम करणारा मित्र. कागद छापून झाले, फळी कपाटात राहिली. पुढे तो मित्र सरकारविरुद्ध काही बोलला म्हणून तुरुंगात गेला. आणि तो तुरुंगात असताना कोणीतरी कपाटातून ती फळी काढली, खाली सरकारचा जयजयकार छापला आणि शहरभर भिंतींवर चिकटवला. मित्राची आई रोज कामाला जाताना त्या भिंतींसमोरून जायची.

"जिवी फळी कोणाच्याय हाताक लागता," ते म्हणाले. "तेन्नासावन हांव मारतां."

मी चहा केला. त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि घावही सलत राहिला. दोन्ही खरं आहे.

आमच्या शेजारी रुक्मिण राहते. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, नवरा लवकर गेला, एकच मुलगा, गुरुदास. त्याचा टिप्पर होता, डिचोलीच्या खाणींवर चालायचा. खाणी बंद पडल्या आणि टिप्पर अंगणात निळ्या प्लास्टिकखाली उभा राहिला. चौतिशीचा धडधाकट माणूस, दिवसभर करायला काही नाही. बोलघेवडा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. तो दुपारी दीतरबाबच्या खोलीत जाऊन बसायला लागला आणि त्यांनी त्याला कोरायला घेतलं. दोन महिने ते चाललं होतं. माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं, म्हणजे गुरुदासचंच बोलणं ऐकू यायचं.

"अंकल, एक नाक काढूक आठ दिस? माझो रेडिएटरसुद्दां दोन दिसांत दुरुस्त जाता!"

"नाक सोपें. दोळे कठीण. तूं म्हजेकडेन पळयना. तूं ट्रक पळयता."

खरंच होतं, गुरुदास ट्रककडेच बघत असायचा. त्या खिडकीतून रुक्मिणीच्या अंगणातलं निळं प्लास्टिक दिसायचं. त्या दिवसानंतर तो तिथे गेला की बराच वेळ आवाजच येत नसे, नुसती पटाशीची खरखर.

चित्र झालं. कागदावरचा गुरुदास पाहून मी त्याला म्हटलं, "अरे, हुबेहूब रे!" तर हा पठ्ठ्या मान हलवतो. छापताना चित्र उलटं येतं ना, डावं उजवीकडे जातं. त्याच्या डाव्या गालावर तीळ होता. कागदावर तो जिथे हवा तिथेच होता, आणि तरीही गुरुदासला तो परका वाटत होता. लाकडातला मात्र आपलाच वाटत होता, कारण लाकडात तो आरशात दिसावा तसा होता. "दाढी करताना रोज ह्यो दिसता माका," तो फळीवर बोट ठेवून म्हणाला. "कागदार दुसरोच कोण तरी. मी ह्या लाकडात आसां." घरी जाऊन आईलाही त्याने तेच सांगितलं. रुक्मिण मला हसत म्हणाली होती, "आमचो झील लाकडाचो झालो गे बाई."

त्याच आठवड्यात त्याला काम मिळालं. सिंधुदुर्गातून चिरे आणायचे. टिप्परवरचं प्लास्टिक निघालं, गुरुदासने गाडी धुतली, नारळ फोडला, आणि आपल्या वाटणीचा कागद केबिनमध्ये सीटच्या मागे लावला. शुक्रवारी दीतरबाबनी सातवा कागद वाळत टाकला. बाकीचे सहा त्यांच्या देशात आधीच ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे जायचे होते, ते वाळल्यावर लगेच गेले. त्या दुपारी मी खिडकीपाशी होते. त्यांनी फळी मांडीवर घेतली, आणि मला माहीत होतं काय होणार ते. एकदा वाटलं, जाऊन सांगावं, ही एक राहू द्या, निदान त्याला आणि रुक्मिणीला आधी विचारा. मग वाटलं, कशाला पुन्हा तोच वाद. मी स्वयंपाकघरात गेले. कपाळापासून हनुवटीपर्यंत तो घाव त्यांनी ओढला तेव्हा मी कांदा चिरत होते.

सोमवारी उतारावर टिप्परचा ब्रेक लागला नाही. चिऱ्यांसकट गाडी नाल्यात गेली. गुरुदासला बाहेर काढायला चार तास लागले.

त्याचे फोटो होते तसे, मोबाइलमध्ये शेकडो. तेराव्याला लोकांनी त्यातला एक मोठा करून लावला, गॉगल घातलेला, कोणाच्या तरी लग्नातला. रुक्मिण त्याच्याकडे बघायचीच नाही. सगळे दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी ती माझ्या दारात आली.

"बाई, कागद गेलो पाण्यात," ती म्हणाली. "लाकूड आसा न्हय? तो माका सांगी, मी लाकडात आसां म्हणान. तेवढा माका दी म्हणून अंकलाक सांग."

तिला पडवीत बसवून मी मागे धावले आणि दीतरबाबना सांगितलं की फळी जळली म्हणा, विकली म्हणा, काही म्हणा.

"फट मारूं? तिका?" त्यांनी विचारलं.

थाप मारायला हवी होती. मला अजूनही वाटतं, मारायला हवी होती. पण त्यांनी फळी उचलली, पडवीत आणली आणि दोन्ही हातांनी रुक्मिणीच्या मांडीवर ठेवली. गालावरच्या तिळावर तिने बोट ठेवलं, मग त्या घावात बोट घातलं आणि वरपासून खालपर्यंत नेलं.

"हो घाव कधी मारलो?"

"शुक्रारा."

"आणि माझो झील गेलो सोमाराक," रुक्मिण म्हणाली. फळी तिने बाकावर ठेवली आणि उठून गेली.

एवढंच झालं. पुढचं गावाने केलं. कोणी त्यांना शिवी दिली नाही, दगड मारला नाही, आमचे लोक तसे नाहीत. पण मेस्ताकडची फणसाची फळी संपली, ती कायमची. पोदेर आमच्या कुंपणापाशी भोंपू वाजवेनासा झाला. ते दिसले की बाया मुलांना हाताला धरून रस्ता ओलांडायच्या. आमच्या इकडच्या शिकल्यासवरल्या माणसांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांनी आणखी कोणाकोणाचे चेहरे कोरले होते हो?" मी चिडून म्हणायचे, माझे हात कोरलेत, बघा, अजून शाबूत आहेत. पण सांगते, त्या वर्षी काजू फोडताना माझं बोट कापलं तेव्हा मीही क्षणभर घाबरले होते.

दीतरबाब आपला नियम मोडायला बसले. पन्नास वर्षांत एकदाही न मोडलेला. फणसाच्या एका जुन्या तुकड्यातून त्यांनी घावाच्या मापाची बारीक पट्टी काढली, सरस लावून ती चऱ्यात बसवली, आणि भिंगातून बघत तिच्यावर गुरुदास पुन्हा कोरला. कपाळाची आठी, नाकाचा शेंडा, ओठांची फट. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, उजव्याने दिसणं जवळपास संपलं होतं, हे मला तेव्हा कळलं. फळीला नाक टेकेपर्यंत वाकायचे. हात थकला की डगल्याच्या खिशात घालून बसून राहायचे, पुन्हा काढायचे. दोन महिने. बाहेर कुठे जायचं नव्हतंच. मी जेवण नेऊन ठेवायचे, ते बहुतेक तसंच परत यायचं.

काम झालं तेव्हा मी फळी खिडकीशी नेऊन तिरकी करून पाहिली. पट्टी कुठे सुरू होते ते मला सापडेना. मी फार खूश झाले. दोघं मिळून रुक्मिणीकडे गेलो. तिने फळी घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

"हांगा आसा," ती म्हणाली. तिला सांधा लगेच सापडला.

तिने भटजींना विचारून ठेवलं होतं. आमच्याकडे भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, सांधली तरी ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. हा देव नव्हे, माणसाचं चित्र आहे, असं भटजी म्हणाले म्हणे. ते तिला मान्य नव्हतं. "घाव मारलेलो झील मी घरात कसो ठेवू?" असं तिने मला विचारलं, दीतरबाबकडे न बघता. मग त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जेणी घाव मारलो, तेणीच पाण्यात सोडूचो."

मी ते त्यांना कोकणीत नीट सांगितलं. त्यांनी मान डोलावली. व्हिसाही संपत आला होता. त्यांनी तिकीट काढलं, सामान हरमलच्या एका ओळखीच्या घरी ठेवलं. तिथूनच दुपारी मोपच्या विमानतळावर जायचं ठरलं. पटाश्या त्यांनी सामानात घेतल्या नाहीत. त्या मेस्ताकडे पाठवल्या, त्याने त्या परत पाठवल्या.

सकाळी आठच्या सुमाराला आम्ही हरमलला पोचलो. भरती ओसरायला लागलेली, होड्या येऊन गेलेल्या. रुक्मिण माझ्या स्कूटरवर मागे होती, फळी मांडीवर धरून, नवीन पंच्यात गुंडाळलेली. किनाऱ्यावर तिने पंचा सोडला, हळद-कुंकू लावलं, एक फूल ठेवलं आणि फळी दीतरबाबच्या हातात दिली. ते डगल्यासकट पाण्यात शिरले. कमरेइतक्या पाण्यात गेले, फळी खाली धरली आणि सोडली.

लाकूड कुठे बुडतं? याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मूर्ती मातीची असते, ती विरघळते. फळी वर आली, पाण्यावर उताणी झाली, आणि पुढच्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे निघाली. दीतरबाबनी ती धरली, छातीइतक्या पाण्यात जाऊन लोटली. ती परत आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी खाली दाबून धरली, लाट त्यांच्या डोक्यावरून गेली, हात सुटले, आणि गुरुदास त्यांच्या खांद्याला लागून पुन्हा वर आला, तोंड आभाळाकडे, शाईने काळा, ओला. मी ओरडून सांगत होते, राहू दे, बाहेर या, बुडाल! त्यांना दिसत नव्हतं नीट, फळी कुठे गेली ते ते हातांनी पाणी चाचपून शोधत होते. आणखी एकदा सापडली. आणखी एकदा त्यांनी ती लोटली.

"पुरे करा!" रुक्मिण ओरडली. एवढ्या महिन्यांत तिला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकत होते. ती लुगड्यासकट पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत. "येवंदे तेका. येता तर येवंदे."

दीतरबाब फळीच्या मागून येत होते, ती तिच्याकडे नीट पोचावी म्हणून बोटांनी कडेला आधार देत.

"तुमी हात लावू नकात," ती म्हणाली.

त्यांनी हात वर घेतले. फळी लाटेवर एकटी आली, तिच्या पायांना लागली. तिने ती उचलली, पदराने चेहरा पुसला, कपाळापासून खालपर्यंत, आणि पोटाशी धरून माझ्या स्कूटरकडे चालू लागली. मी मागे वळून पाहिलं. दीतरबाब तिथेच होते, कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरलेले. हात खाली घ्या म्हणून त्यांना कोणी सांगायला हवं होतं. रुक्मिण स्कूटरपाशी थांबली होती, मी तिच्याकडे गेले.